एक नळ बदलायचा होता: स्वयंपाकघराच्या वाढत्या कामांबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. काम छोटं ठरवलं होतं, पण मिस्त्री म्हणतात की आता फोडलंच आहे तर हातासरशी पुढचंही करून घ्या. काही वेळा मिस्त्रींचं बरोबर असतं, बऱ्याचदा नसतं. कोणत्या कामात कुठे रेघ मारता येते, हे प्रत्येक उत्तरात सांगायचा प्रयत्न केला आहे.

आमची इमारत 1988 सालची. सिंकचा नळ गळत होता म्हणून बदलायला घेतला, तर जुना नळ फिरवताना भिंतीतला पाइपच तुटला. आता प्लंबर सांगतो, पूर्ण घराची लाइन बदला. खरंच गरज आहे का?
(वाचक, डोंबिवली)

तुमच्या भिंतीत जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा पाइप आहे. तीस-पस्तीस वर्षांत तो आतून गंजतो आणि अर्ध्या इंचाचा पाइप पेन्सिलीएवढ्या भोकाचा होतो. सगळ्यांत कमकुवत जागा म्हणजे आटे, कारण आटे पाडताना पाइपाची जाडी कमी झालेली असते. पान्हा लावून नळ फिरवला की नळ सुटण्याऐवजी भिंतीतला एल्बो, म्हणजे पाइपाचा काटकोनी सांधाच फिरतो आणि आटे तिथेच मोडून राहतात.

पूर्ण घराची लाइन बदलायची की नाही हे तुटलेल्या तुकड्यावरून ठरवू नका. आधी दोन गोष्टी पाहा. सकाळी पहिला नळ सोडल्यावर लालसर पाणी येतं का? आणि न्हाणीघरातल्या नळाची धार वरच्या टाकीत भरपूर पाणी असतानाही बारीक असते का? दोन्हीची उत्तरं ‘हो’ असतील, तर प्लंबर खोटं बोलत नाही. तरीही सगळं आजच करायची सक्ती नाही. स्वयंपाकघरात लाइन शिरते तिथे एक बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि त्याच्या पुढची लाइन नवी करा. न्हाणीघर जुन्या लाइनवर राहू द्या. पुढे तिकडचं काम निघालं तरी स्वयंपाकघराला हात लावावा लागणार नाही. थांबायची तुमची जागा हा व्हॉल्व्ह.

नवी लाइन भिंतीतूनच न्यायला हवी असं नाही. ओट्याखाली, ट्रॉल्यांच्या मागे, भिंतीला लागून सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा, अर्धा इंची पाइप उघडा नेला तर टाइल फोडावी लागत नाही आणि उद्या गळला तर दिसतो. दर दोन-तीन फुटांवर क्लॅम्प द्या. साधा पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला चालतो. गिझरचं पाणी येणार असेल तर सीपीव्हीसीच हवा. जीआयला जोडताना पितळी आट्यांची फिटिंग घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांत जीआयचा निपल (आटे पाडलेला छोटा तुकडा) कसला की फिटिंगला चीर जाते, आणि ती आठवड्याभराने कळते.

भिंतीतून न्यायचीच असेल, तर प्लास्टर करण्याआधी दाबाची चाचणी करून घ्या. टाकीच्या दर 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब येतो. चार मजल्यांच्या इमारतीत तळमजल्यालासुद्धा दीड किलोच्या आसपास मिळतो. नवी लाइन दोन्ही टोकांना बंद करून हातपंपाने 5-6 किलोपर्यंत दाब द्या आणि दोन तास काटा हलतो का ते पाहा. मात्र त्या वेळी जुन्या लाइनकडचा व्हॉल्व्ह पक्का बंद हवा. गंजलेल्या जीआयवर एवढा दाब गेला तर जे काम टाळायचं होतं ते त्याच दिवशी अंगावर येईल. सोल्व्हंटने जोडलेले सांधे रात्रभर सुकू द्या. पाइपासाठी भिंतीत पाडलेली झिरी बुजवण्याआधी भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा, पुढे ड्रिल मारणाऱ्याला तो लागतोच.

सिंकही बदलायचा मोह होत असेल, तर जुन्या सिंकचा कटआउट खालून मोजा. नव्या सिंकची कड तो पूर्ण झाकत असेल तर बदल तासाभराचा. मोठा सिंक घेतला की ग्रॅनाइट जागेवर कापावा लागतो, आणि सिंकपुढे उरणारी दोन-तीन इंचांची पट्टी तिथेच तडकते. मग ‘ओटाच बदला’ हे वाक्य ऐकावं लागतं.

डिशवॉशर घ्यायचं आहे. ओट्याखाली बसत नाही म्हणून ओटा उंच करायचा सल्ला मिळाला. ओटा उंच करताना काय काय काळजी घ्यावी?
(वाचक, कोथरूड, पुणे)

पहिली काळजी म्हणजे ओटा उंच करू नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण या एका यंत्रापायी अख्खी स्वयंपाकघरं उखडलेली पाहायला मिळतात.

बारा-चौदा जणांच्या भांड्यांचं, मोकळं उभं राहणारं डिशवॉशर साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 85 सेंटिमीटर उंच असतं. वरचं झाकण काढता येत असेल तर उंची 82 सेंटिमीटरच्या आसपास येते. जुना ओटा जमिनीपासून 32 इंच असेल, तर ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडाप्पा वजा जाता मोकळी जागा 30 इंच, म्हणजे 76 सेंटिमीटर उरते. यंत्र आत जायला ओट्याची वरची पातळी साडेचौतीस इंचांवर न्यावी लागेल.

आता या अडीच इंचांचा हिशेब पाहा. ओट्याचा दगड भिंतीत इंचभर रुतवलेला असतो. तो काढताना डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, टाइल्सची खालची ओळ फुटते. त्याच छटेची टाइल आता मिळत नाही, म्हणून डॅडो नवा. डॅडो काढला की त्यातले स्विचबोर्ड सुटतात, आणि ते सुटले की नवे पॉइंट आठवतात. सिंकचा भिंतीतला नळ वर घ्यावा लागतो, म्हणजे वर डोंबिवलीकरांना सांगितलं ते सगळं आलं. ओटा आणि वरची कपाटं यांतलं अंतर अडीच इंच कमी होतं. चिमणी शेगडीपासून 65 ते 75 सेंटिमीटरवर हवी, तीही वर सरकवायची. जुन्या ट्रॉल्या नव्या उंचीत ठेंगण्या दिसतात.

एवढं करून ओटा कोणासाठी? उभं राहून कोपर दुमडला की कोपराच्या खाली चार ते सहा इंच ही ओट्याची सोयीची उंची. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचा कोपर 38 इंचांच्या आसपास येतो, म्हणजे तिला 32 ते 34 इंचांचा ओटा बरा. साडेचौतीसच्या ओट्यावर चार-पाच इंचांची शेगडी आणि त्यावर पातेलं ठेवलं की आतलं दिसायला टाचा उचलाव्या लागतात. त्यावर उपाय म्हणून हॉब, म्हणजे ओट्यात रुतवलेली शेगडी, सुचवला जातो. हॉबसाठी ग्रॅनाइटला कटआउट, त्याच्या खालची चमच्यांची ट्रॉली बाद, आणि सिलिंडर असेल तर नळीचा मार्ग नव्याने.

त्याऐवजी ड्राय बाल्कनी पाहा. पुण्यातल्या बऱ्याच फ्लॅटना ती असते आणि वॉशिंग मशीनसाठी नळ, नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाण्याचं जाळीचं तोंड) आणि 16 अँपिअरचा पॉइंट तिथे आधीच दिलेला असतो. डिशवॉशरला हेच तीन लागतात. नळाला दोन तोंडांचा अँगल कॉक लावला की दोन्ही यंत्रांना पाणी. विजेचं मात्र तसं करू नका. डिशवॉशर पाणी तापवताना 2000 वॅटच्या आसपास घेतं. वॉशिंग मशीनच्या प्लगमध्ये एक्स्टेंशन लावून दोन्ही चालवली तर सॉकेट वितळतं. दुसरा पॉइंट स्वतंत्र वायरने मेन बोर्डातून आणा.

तिथे तीन गोष्टी बिघडतात. ड्राय बाल्कनीच्या फरशीला ट्रॅपकडे उतार असतो. यंत्र तिरकं राहिलं तर दाराच्या खालच्या कडेतून पाणी येतं आणि लोक रबर बदलत बसतात. स्पिरिट लेव्हल ठेवून पाय फिरवा, तेवढंच. दुसरं म्हणजे सांडपाण्याची नळी सरळ खाली ट्रॅपमध्ये सोडू नका. आधी ती जमिनीपासून दीड-दोन फूट उंच नेऊन अडकवा आणि मग खाली सोडा, नाहीतर यंत्रातलं पाणी आपोआप ओढलं जातं. नेमकी उंची माहितीपुस्तिकेत दिलेली असते. तिसरं, पावसाची झड. उघड्या जाळीच्या बाजूला पडदा किंवा सरकती खिडकी हवी. पाणी बोअरचं असेल तर क्षाराची पातळी मोजून यंत्रातली मिठाची सेटिंग त्याप्रमाणे ठेवा, नाहीतर काचेच्या ग्लासांवर पांढरी साय धरते आणि दोष यंत्राला जातो.

ड्राय बाल्कनी नसेल, तर सहा-आठ जणांचं ओट्यावर ठेवायचं छोटं यंत्र घ्या. ओट्याची दोन फूट लांबी जाईल आणि मोठी कढई हातानेच घासावी लागेल, पण घर शाबूत राहील.

जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली तर खर्च आणि धूळ वाचते असं सांगतात. स्वयंपाकघर 10 बाय 8 आहे. करावं का?
(वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

करावं, पण फक्त जुनी फरशी घट्ट असेल तर. नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून पाहा आणि पोकळ वाजणाऱ्यांवर खडूने खूण करा. चार-दोन असतील तर तेवढ्या काढून सिमेंटने भरून घ्या. ठिकठिकाणी पोकळ आवाज येत असेल तर उखडणंच शहाणपणाचं, कारण वरची फरशी खालचीला धरून असते.

वाचतं काय ते सांगतो. 80 चौरस फुटांची फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून अडीच इंच धरला, तर अर्धा घनमीटर राडारोडा निघतो आणि त्याचं वजन टनाच्या घरात जातं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत उचलता येतील इतपत भरला तर पस्तीस-चाळीस गोण्या. लिफ्टमधून नेऊ देत नसतील तर हमाली वेगळी. शिवाय राडारोडा सोसायटीच्या गेटपाशी टाकून चालत नाही, महापालिकेच्या नियमाप्रमाणे त्याची वाहतूक तुम्हालाच करावी लागते.

वाढतं काय, तेही ऐका. टाइल 8 ते 10 मिलिमीटर आणि चिकट मसाला 3 ते 5, म्हणजे फरशी साधारण अर्धा इंच वर येते. दार खालून तासावं लागतं. हॉलच्या सीमेवर पायरी होते, तिथे ग्रॅनाइटची उतरती पट्टी बसवा, उभी कड ठेवलीत तर ठेच लागणारच. नहाणी ट्रॅपची जाळी तेवढीच वर घ्यावी लागते. हे विसरलं तर जाळीभोवती खड्डा होऊन पाणी साचतं. सर्वांत खालच्या ट्रॉलीखाली अर्ध्या इंचापेक्षा जास्त जागा आहे ना, हे आधी मोजा. नसेल तर ओट्याखालची फरशी जुनीच ठेवून नवी तिच्या कडेपर्यंत आणा. ओट्याखाली कोणी पाहत नाही.

चिकटवताना स्वयंपाकघरात एक शत्रू जास्तीचा असतो, तो म्हणजे वर्षानुवर्षांचा तेलाचा थर. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने घासून काढा (हातमोजे घालूनच), स्वच्छ धुऊन कोरडा करा, आणि ग्राइंडरने टाइलची चकाकी खरवडा. साधं सिमेंट इथे चालत नाही. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंटला पकडायला जागाच मिळत नाही. गोणीवर ‘टाइलवर टाइल’साठी असं स्पष्ट लिहिलेलं अडेसिव्ह घ्या. 20 किलोच्या गोणीत 3 मिलिमीटर जाडीने साधारण 45 ते 55 चौरस फूट होतात, म्हणजे तुम्हाला दोन गोण्या. टाइलमध्ये 2 मिलिमीटरचे स्पेसर ठेवा, चोवीस तास पाय देऊ नका, आणि सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा. सिमेंटच्या ग्राउटला लागलेली हळद जन्मभर राहते.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढून ओपन किचन करायचं आहे. नवा टॉवर आहे, भिंत फक्त सहा इंचांची.
(वाचक, पिंपळे सौदागर)

नव्या टॉवरमध्ये भिंतीच्या जाडीवरून काही कळत नाही. बरेच टॉवर मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात बांधलेले असतात. त्यात विटा नसतातच. भिंत सळ्यांसकट काँक्रीटची असते आणि इमारतीचा भार तीच पेलते. ती काढता येत नाही, तिच्यात आडवी झिरीही मारता येत नाही. बिल्डरकडून स्ट्रक्चरल नकाशा मागवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. भिंत भाराची असेल तर विषय तिथेच संपला.

विटांची साधी आडभिंत निघाली तरी सोसायटी आणि पालिका यांची परवानगी लागते. शिवाय भिंत गेल्यावर दोन खोल्यांच्या फरशांमध्ये सहा इंचांचा उघडा पट्टा उरतो, छतावर तसाच एक. फरशांच्या पातळ्या जुळत नाहीत, म्हणून दोन्ही खोल्यांची फरशी आणि दोन्ही खोल्यांचा रंग त्यात आला. आणि सुक्या बोंबलाची किंवा लाल मिरचीची फोडणी सोफ्यापर्यंत येते ती वेगळीच. आमचं मत विचाराल तर नको.

घर जुनं, चिऱ्यांचं आहे. चिमणीसाठी भिंतीला भोक पाडायचं तर मिस्त्री म्हणतो भिंतीचा तेवढा भाग नव्याने बांधावा लागेल.
(वाचक, म्हापसा)

छिन्नी-हातोड्याने पाडलं तर खरंच बांधावा लागेल, कारण चिरा सरळ कापला न जाता ढेकळांनी सुटतो. कोअर कटर भाड्याने मिळतो, त्याने पाण्यावर गोल भोक पाडा. डक्ट सहा इंची असतो. आधी त्याहून थोडा मोठा पीव्हीसी पाइप भिंतीत बसवा आणि डक्ट त्यातून न्या, म्हणून भोक पीव्हीसीच्या मापाने घ्यायचं. बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतार ठेवा. चिरा पाणी पितो, तेव्हा भोकाच्या आतल्या अंगाला सिमेंटचा रगडा लावून सुकू द्या आणि मगच पाइप बसवा. बाहेर झडपेचं टोपण हवं, नाहीतर जूनमध्ये चिमणीतून पाणी ठिबकेल. भोक शेगडीच्या शक्य तितकं सरळ वर पाडा. डक्टला पडणारं प्रत्येक काटकोनी वळण चिमणीची ओढ कमी करतं.

इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावली की एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. वायरमनने मोठा एमसीबी टाकून देतो म्हटलं, दुसरा म्हणतो पूर्ण वायरिंग बदला.
(वाचक, कोल्हापूर)

पहिल्याला घरात घेऊ नका. इंडक्शन 2000, मायक्रोवेव्ह 1300, किटली 1500, असे 4800 वॅट होतात. 230 व्होल्टला ते 21 अँपिअर झाले. एमसीबी पडतो तो वायर वाचवायला. तो 32 चा केला की एमसीबी पडणं थांबेल आणि भिंतीतली वायर तापायला लागेल.

दुसऱ्याचं अर्धं बरोबर आहे. पूर्ण घर कशाला? मेन बोर्डातून स्वयंपाकघरात 4 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरची एक नवी लाइन आणा, तिला स्वतंत्र 20 अँपिअरचा एमसीबी द्या आणि इंडक्शन कायमचं तिच्यावर टाका. बाकीची दोन जुन्या लाइनवर राहतील, त्यांचे 12 अँपिअर होतात. मात्र जुनी वायर ॲल्युमिनियमची निघाली, तर स्वयंपाकघरापुरती तीही बदला. भिंतीतला जुना पाइप बहुधा प्लास्टरने चोंदलेला निघतो, वायर ओढली जात नाही. तेव्हा झिरी मारायला होकार देऊ नका, कपाटांच्या वरून केसिंग-कॅपिंगची पट्टी न्या.

सोबत अर्थिंग तपासून घ्या. टेस्टरने नाही, मीटरने. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो मात्र हातासरशी बसवाच. आणि वीजबिलावरचा मंजूर भार वाचा, तो कमी असेल तर वाढवून घ्यायचा अर्ज आधी करा.

ट्रॉल्यांची ऑर्डर कधी द्यावी? आमच्या शेजाऱ्यांच्या ट्रॉल्या आल्या आणि बसल्याच नाहीत.
(वाचक, सातारा)

ओटा आणि आतल्या टाइल्स पूर्ण झाल्यावर, नकाशावरून कधीच नाही. कडाप्पाच्या उभ्या फळ्यांना दोन्ही अंगांनी टाइल लागली की गाळा इंच-सव्वा इंच अरुंद होतो आणि 19 इंची बास्केटच्या जागी 17 इंची लागते. गाळा वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान माप धरा. स्टील 304, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या प्रतीचं, आहे का हे लोहचुंबकाने पाहू नका. 202 या हलक्या प्रतीलाही चुंबक जवळपास चिकटत नाही, आणि सिंकखाली गंजतं ते तेच. बिलावर ‘304’ लिहून घ्या. सिंकखालच्या गाळ्यात प्लायवुड तर नकोच.

कंत्राटदाराशी आधी काय लिहून घ्यावं म्हणजे शेवटी ‘एक्स्ट्रा’ची यादी येणार नाही?
(वाचक, धरमपेठ, नागपूर)

यादी येणारच, तिचे दर आधी ठरवता येतात. एकूण रक्कम लिहून घेण्याऐवजी बाबवार दर घ्या: ओटा रनिंग फुटावर, डॅडो आणि फरशी चौरस फुटावर, विजेचा आणि पाण्याचा पॉइंट नगावर, राडारोडा फेरीवर. प्रत्येकापुढे माल कोणाचा ते लिहा. ओट्याच्या दरात कडेची गोलाई, खालची पाणी तोडणारी खाच आणि सिंकचा कटआउट धरला आहे का, ते विचारा. याच तीन गोष्टी नंतर वेगळ्या लावतात.

दुसरा कागद न करायच्या कामांचा: ‘न्हाणीघराची लाइन, हॉलची फरशी, खिडकी: हात लावायचा नाही’. यातलं काही करणं भाग पडलं तर काम थांबवून, फोटो दाखवून, लेखी दर देऊन मगच पुढे. बजेटच्या पंधरा-वीस टक्के रक्कम वेगळी ठेवा आणि ती आहे हे कंत्राटदाराला सांगू नका.

पैसे टप्प्याने द्या. फोडकाम आणि पाइप झाले की पहिला हप्ता, पण दाबाची चाचणी तुमच्यासमोर झाल्यावर. ओटा बसला की त्यावर बादलीभर पाणी ओता. पाणी सिंककडे गेलं तर दुसरा. शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता काम संपल्यावर पंधरा दिवसांनी, कारण सिंकखालचा सांधा गळायचा असेल तर तेवढ्या दिवसांत गळतो.

जुना सिंक आणि त्याचा नळ नवा सुरू होईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. ड्राय बाल्कनीत दोन विटांवर ठेवून भांडी त्यातच घासावी लागतात.